उंचीला घाई चालत नाही

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या जूनमध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सरकारी सोडतीतून ७५० यात्रेकरू निवडले गेले. लिपुलेख खिंडीतून ५० जणांच्या पाच तुकड्या आणि सिक्कीममधल्या नथुलामार्गे दहा तुकड्या, असे नियोजन होते. नेपाळमार्गे खासगी यात्रा कंपन्यांबरोबर जाणारे याशिवाय. देऊळगाव राजासारख्या गावातही आता ‘एकदा मानसरोवर करायचे आहे’ म्हणणारी माणसे भेटतात. बालाजीची यात्रा दरवर्षीचीच, पंढरपूर झाले, चारधाम झाले, मुले मार्गी लागली. मग साठीच्या आसपास कैलासाची ओढ लागते.

ही माणसे तयारीही चांगली करतात. सकाळचे चालणे वाढवतात, रक्तातली साखर आणि ईसीजी तपासून घेतात, गरम कपडे घेतात. पण या यात्रेत सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट बाजारात मिळत नाही आणि दवाखान्यातही मिळत नाही. ती म्हणजे वाटेत घालवलेले दिवस. आज तेच वाचवण्याकडे सगळ्यांचा कल आहे, म्हणून हा लेख.

मनातून उपजलेले सरोवर

मानसरोवर तिबेटमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी सरोवराचा काठ आणखी तेराशे मीटर वर राहतो. सरोवराचा घेर ८०-९० किलोमीटर, क्षेत्रफळ ४०० चौरस किलोमीटरहून अधिक. आपल्या जिल्ह्यातल्या लोणार विवराचा व्यास दोन किलोमीटरही नाही, यावरून विस्ताराची कल्पना यावी. लोणारचे पाणी खारे आणि अल्कलीयुक्त, तर मानसरोवराचे गोडे. त्याच्या शेजारीच राक्षसताल आहे, त्याचे पाणी मात्र खारट मानले जाते.

ब्रह्मदेवाच्या मनातून हे सरोवर निर्माण झाले म्हणून ते ‘मानस’, अशी आपली कथा. जैन परंपरेत ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद कैलासाच्या परिसरात मानतात. बौद्धांना आणि तिबेटमधल्या प्राचीन बोन पंथीयांनाही हा डोंगर आणि हे पाणी पवित्र. एकाच काठावर इतक्या धर्मांचे लोक नमस्कार करतात, अशा जागा जगात थोड्याच. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार मोठ्या नद्यांचे उगमही याच टापूत आहेत.

विदर्भाचे या सरोवराशी नाते जुने आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर होता, तो नागपूरजवळचा रामटेक, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. तिथून निघालेल्या मेघाला कैलासापर्यंत सोबत मिळते ती मानसाच्या ओढीने उत्तरेला निघालेल्या राजहंसांची. हिवाळ्यात पैठणच्या जायकवाडी जलाशयावर पट्टकदंब नावाचे हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे ही त्यांची खूण. उन्हाळ्याआधी ते हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर अंडी घालायला जातात. विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात असते. तिबेटी लोकांच्या शरीरातही हजारो वर्षांत असे काही आनुवंशिक बदल झाले आहेत, त्यामुळे तिथला घोडेवाला चढावर गाणे म्हणत चालतो. आपण मात्र पाच-सहाशे मीटर उंचीवर जन्मलेले आणि वाढलेले. आपल्याला ती उंची शिकावी लागते, आणि शिकायला दिवस लागतात.

हवेत नेमके काय कमी होते?

‘तिथे ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो. खरे तर हवेतला प्राणवायूचा हिस्सा सगळीकडे सारखाच, शंभरात सुमारे २१ असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर श्वासागणिक शंभर रुपये मिळत होते आणि त्यातले २१ रुपये प्राणवायूचे होते, असे धरा. मानसरोवरावर हिस्सा तोच राहतो, पण मूळ रक्कमच ५७-५८ रुपयांवर येते. कैलास परिक्रमेतली डोल्मा खिंड ५,६०० मीटरांहून उंच आहे. तिथे ती जवळजवळ निम्मी होते.

ही तूट भरून काढायला शरीर ताबडतोब कामाला लागते. श्वास जोरात चालतो, नाडी वाढते. पण जोरात श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर जातो आणि रक्त थोडे अल्कलीयुक्त होते. मग मेंदूतले श्वासाचे केंद्र ‘आता पुरे’ म्हणून श्वास आवरू लागते. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबणे आणि दचकून जाग येणे हा त्याचाच परिणाम. मूत्रपिंडे जादा अल्कली लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा कुठे श्वासाला मोकळीक मिळते. हे काम एका रात्रीत होत नाही. त्याला काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला तर आठवडे लागतात. शरीराच्या या जुळवून घेण्यालाच आपण हवामान मानवणे म्हणतो.

हवा मानवण्यापूर्वीच माणूस आणखी वर गेला, तर त्याला विरळ हवेचा त्रास होतो. साधारण २,५०० मीटरांपासून त्याची शक्यता सुरू होते. ‘आम्ही चिखलदऱ्याला जाऊन आलो, काही झाले नाही’ हा अनुभव इथे उपयोगाचा नाही, कारण चिखलदरा हजार-अकराशे मीटरच्या घरातले आहे.

गोसाईकुंडावरची पाहणी

पवित्र सरोवर आणि हा आजार यांचा संबंध थेट तपासला गेला तो नेपाळमध्ये. काठमांडूच्या उत्तरेला ४,३०० मीटरांवर गोसाईकुंड आहे. हलाहल प्यायल्यावर घशाचा दाह शमवण्यासाठी शंकराने त्रिशूळ मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते त्याच दिवशी तिथे हजारो भाविक स्नानाला जमतात. बरेच जण खालच्या गावांतून एक-दोन दिवसांत वर चढतात.

डॉ. बुद्ध बस्न्यात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२८ यात्रेकरूंची तपासणी केली. ते निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ६८ टक्के लोकांना विरळ हवेचा त्रास होता, ३१ टक्क्यांमध्ये मेंदूला सूज येत असल्याची लक्षणे होती आणि ५ टक्क्यांच्या फुप्फुसांत पाणी साचू लागले होते. हे गिर्यारोहक नव्हते, साधे भाविक होते. हवा वाईट होती म्हणून ते आजारी पडले नाहीत; ते भराभर चढले म्हणून आजारी पडले.

धडधाकट असणे पुरत नाही

‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?’ हा सर्वांत मोठा गैरसमज. १९६२ च्या युद्धाच्या काळात आणि त्यानंतर आपले जवान सपाटीवरून थेट लडाखसारख्या भागात पोहोचवले जात होते. त्यातून पुढे आलेला १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयातला तो जगभर मानला गेलेला अभ्यास आहे. हे सगळे निवडून घेतलेले, कसलेले तरुण होते. तरीही उंचीने त्यांना सोडले नाही.

तेव्हापासून लष्कराने नियमच घालून घेतला. जवानाला ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, १२ ते १५ हजारांच्या टप्प्यावर चार दिवस आणि त्यावर आणखी चार दिवस थांबवून मगच पुढे कामाला लावतात. मानसरोवर १५ हजार फुटांवर आहे. म्हणजे पंचविशीतल्या जवानाला तिथवर जायला जवळपास दहा दिवस दिले जातात. दुसरीकडे हेलिकॉप्टरच्या यात्रेत काय होते ते पाहा: नेपाळगंज १५० मीटरांवर, तिथून विमानाने सिमिकोट २,९०० मीटर, पुढे हेलिकॉप्टरने हिल्सा ३,६०० मीटर, मग गाडीने तकलाकोट आणि सरोवर. सपाटीवरचा साठीचा माणूस चार-पाच दिवसांत काठावर उभा राहू शकतो. जाहिरातीत ‘कमी दिवसांत दर्शन’ ही सोय म्हणून छापलेली असते. वैद्यकीयदृष्ट्या तोच धोका आहे.

पूर्वीचे यात्रेकरू अल्मोड्याहून चालत निघत आणि कित्येक आठवड्यांनी लिपुलेख ओलांडत. त्यांना हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडांचे गणित माहीत नव्हते. पण पायी वाट, ठरलेले मुक्काम आणि संथ चाल यांमुळे शरीराला आपसूक वेळ मिळत होता. आपल्या शेगावची पालखी पंढरपूरला पोहोचायला महिनाभर घेते. कुणी म्हणत नाही की एसटीने एका दिवसात होते, मग एवढे दिवस कशाला? यात्रेत वाट हाही भाग असतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. हिमालयात तर ती वाटच औषध असते.

म्हणून यात्रा कंपनी निवडताना दरापेक्षा मुक्कामांची यादी आधी पाहा. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती असावी, हा सर्वमान्य नियम आहे. तिबेटच्या रस्त्यांवर तो तंतोतंत पाळणे कठीण असते. पण ज्या यादीत विश्रांतीचा एकही दिवस नाही, ती यादी परत करावी. कंपनीला आणखी तीन प्रश्न विचारा: सोबत ऑक्सिजन सिलिंडर आहे का, रात्री कुणी आजारी पडले तर खाली न्यायला गाडी तयार असते का, आणि मागे फिरण्याचा निर्णय कोण घेते? मानसरोवर पठारावर असल्याने तिथून चटकन खाली येता येत नाही, हे लक्षात असू द्या.

डोकेदुखी लपवू नका

या आजाराचे पहिले लक्षण डोकेदुखी. तिच्या जोडीला मळमळ किंवा जेवण नकोसे होणे, थकवा, चक्कर. हे मोजण्याची जगभर वापरली जाणारी गुणपद्धती ‘लेक लुईस’ नावाने ओळखली जाते; ते नावही कॅनडातल्या एका डोंगरी सरोवराचेच. साधा नियम असा: उंचीवर डोके दुखले तर ते पित्त नाही, ऊन नाही, जागरण नाही. दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. तिथेच थांबा, विश्रांती घ्या, पाणी प्या. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते.

दोन प्रकार मात्र जीवघेणे आहेत. पहिला, मेंदूची सूज. माणूस अडखळत चालतो, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नाही, असंबद्ध बोलतो, हाक मारली तरी नीट उत्तर देत नाही. यात्रेत याची एक वेगळीच अडचण होते. तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा, डोळे मिटून बसलेला माणूस सोबत्यांना भक्तीत तल्लीन झालेला वाटू शकतो. संशय आला तर त्याला नाव, वार विचारा आणि दहा पावले सरळ चालायला लावा. दुसरा प्रकार, फुप्फुसांत पाणी होणे. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतात, पुढे गुलाबी फेस येतो. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावा आणि लगेच खाली घेऊन चला. खाली आणणे हाच खरा उपचार. बाकी सगळे तिथवर पोहोचण्यासाठी.

कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर बरेच जण सोबत नेतात. न्यावे, पण अर्थ समजून. गावात ९४ च्या खाली आकडा गेला की आपण घाबरत होतो. मानसरोवरावर चांगल्या माणसाचा आकडाही ८५ च्या आसपास दिसू शकतो. सोबत्यांपेक्षा एखाद्याचा आकडा बराच कमी असेल आणि त्याला लक्षणेही असतील, तर ती धोक्याची खूण. केवळ आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

कोणी विचार करून निघावे?

सरकारी यात्रेत दिल्लीला आणि पुढे वाटेत वैद्यकीय तपासणी होते. अमरनाथ यात्रेलाही सक्तीचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. खासगी यात्रेत ही चाळणी अनेकदा ढिली असते. प्रमाणपत्र म्हणजे ‘सही-शिक्क्याचे काम’ असे समजून घाईने घेतलेला कागद वर कामाला येत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, फुप्फुसांचा जुना आजार किंवा वारंवार दमा असलेले, आणि गरोदर स्त्रिया यांनी ही यात्रा टाळावी. मधुमेहींनी इन्सुलिन अंगालगतच्या खिशात ठेवावे, ते गोठले तर निकामी होते. स्त्रियांनी हिमोग्लोबिन तपासावे. आधीच रक्त कमी असेल तर वर त्रास दुप्पट.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. आपल्या भागात सिकलसेल आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांनी इतक्या उंचीवर मुळीच जाऊ नये. जे फक्त वाहक आहेत, त्यांना गावात आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, पण उंचीवर प्राणवायू कमी पडला की त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. डाव्या बरगडीखाली एकाएकी तीव्र दुखणे ही त्याची खूण. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर निघण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात रक्ताची तपासणी करून घ्यावी.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी शरीराच्या जुळवून घेण्याला वेग देते. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आधी सांगायचे. झोपेच्या गोळ्या आणि दारू श्वास मंद करतात, त्या पूर्ण बंद. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. छोटे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात. धीर देण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

स्नानाचेही तसेच. बर्फासारख्या पाण्यात एकदम उतरल्याने रक्तदाब झटकन वाढतो, हृदयावर ताण येतो. सरोवरात उतरण्याबाबत तिथल्या प्रशासनाचे जे निर्बंध असतील ते पाळावेत. ओंजळभर पाणी डोक्याला लावले तरी स्नानाचा भाव पुरा होतो, आणि अंग कोरडे राहते.

मागे फिरणे म्हणजे यात्रा मोडणे नव्हे

‘तिथे मरण आले तर सोने होईल’ असे काही जण म्हणतात. त्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. पण विरळ हवेचे मरण शांत नसते, ते धापा टाकत येते. आणि ते एकट्याचे नसते. एक माणूस कोसळला की त्याची पत्नी, सोबती, घोडेवाला, सगळे अडचणीत येतात. डोकेदुखी लपवणारा माणूस स्वतःबरोबर पूर्ण तुकडीला धोक्यात घालतो. म्हणून ‘मला त्रास होतोय’ असे मोकळेपणाने म्हणता येईल, अशी बोली घरून निघतानाच सोबत्यांमध्ये करून घ्यावी. पती-पत्नी जात असतील तर एकाला परतावे लागले की दुसऱ्याने काय करायचे, तेही आधीच ठरवावे. वर गेल्यावर डोके नीट चालत नाही आणि मन हट्टाला पेटते.

हेमकुंड साहिब हे ४,३०० मीटरांवरचे शिखांचे पवित्र सरोवर. तिथे मुक्कामाची सोय नाही; दर्शन घेऊन भाविक त्याच दिवशी खाली घांगरियाला येतात. उंचावर चढा, पण झोपायला खाली या, ही गिर्यारोहकांची जुनी रीत तिथे यात्रेचाच भाग झाली आहे. कैलासाच्या ५२ किलोमीटर परिक्रमेतही अनेक यात्रेकरू पहिल्या मुक्कामावरून, दिरापुकहून, उत्तरमुखाचे दर्शन घेऊन परततात. मानसरोवराचे दर्शन तर काठावरूनच होते. त्यासाठी डोल्मा खिंड चढावी लागत नाही.

जाण्याची इच्छा असेल तर सहा महिने आधीपासून तयारी करा, तपासण्या करून घ्या आणि यात्रेचे चार-पाच दिवस वाढवा. खर्च थोडा वाढेल. मुले विचारतील, एवढे दिवस कशाला? त्यांना सांगा, ते दिवस फुप्फुसांसाठी आणि मूत्रपिंडांसाठी आहेत. त्यांना वेळ दिला, तर काठावर उभे राहून डोके न दुखता ते निळे पाणी पाहता येईल, आणि घरी येऊन इतरांना सांगताही येईल.